तुंगार्लीतलं बोलावणं

रडता रडता देवाला शब्द देऊ नये, असं मी आता लेकीसुनांना सांगते. मागायचं ते मागावं, डोळे पुसावेत नि घरी जावं. पण हे शहाणपण त्या वयात मला कोण सांगणार? माझी पहिली दोन्ही लेकरं अंगावर पीत असतानाच गेली. तिसऱ्या वेळी दिवस राहिले तेव्हा मी लोणावळ्याच्या आमच्या चर्चमध्ये भर दुपारी एकटीच जाऊन गुडघ्यांवर पडले नि म्हणाले, "एवढं एक जगव. जगवलंस तर ते तुलाच देईन, तुझ्या सेवेला." निघून गेलं तोंडातून. घरी आले नि हे सगळं आत्याबाईंना सांगून बसले.

आत्याबाई म्हणजे ह्यांच्या आत्या. ह्यांची आई लवकर वारली, तेव्हा त्यांनीच ह्यांना वाढवलं. स्वतः लग्न केलं नाही. जन्मभर मावळातल्या वाड्यावस्त्यांवर पायी हिंडून बायकांना शास्त्र, म्हणजे आमचं बायबल, वाचून दाखवायचं काम केलं. कामशेतच्या बाजारात, इंदुरीला नदीवर, जिथे चार बायका धुणं धुताना भेटतील तिथे ह्या दगडावर बसून वाचायला सुरुवात करायच्या. म्हातारपणी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला नि त्या आमच्याकडे येऊन राहिल्या. माझा शब्द ऐकून त्यांनी माझे दोन्ही हात धरले नि म्हणाल्या, "देवाने ऐकलं हो. आता मुलगाच होणार, नि तो देवाचाच होणार." त्यांचा आनंद बघून मला तेव्हाच कसंसं झालं होतं. पण बोलायची सोय नव्हती.

मुलगाच झाला नि जगलाही. चांगला गुटगुटीत, हट्टी, दिवसभर प्रश्न विचारून डोकं खाणारा. त्याच्यामागून मुलगी झाली, ती ह्या गोष्टीच्या वेळी पाळण्यात होती. पोरगा पाच वर्षांचा. त्याला बोलता यायला लागल्यापासून आत्याबाईंनी एकच गोष्ट शंभरदा सांगितली असेल. शास्त्रातली ती, देवळात वाढलेल्या मुलाची. मूल होत नाही म्हणून एक बाई रडून नवस बोलते, मुलगा होतो, नि अंगावरचं दूध तुटल्यावर ती त्याला देवळात म्हाताऱ्या याजकापाशी नेऊन सोडते. एकदा निजला असताना त्या मुलाला हाक येते. याजकानेच बोलावलं असं वाटून तो पळत जातो. म्हातारा म्हणतो, मी नाही बोलावलं, जा नीज. असं पुन्हा होतं, पुन्हा होतं, तेव्हा म्हाताऱ्याच्या लक्षात येतं की बोलावणारा देव आहे. मग तो शिकवतो, आता हाक आली की म्हण, सांग देवा, मी ऐकतोय.

पोराला गोष्ट फार आवडायची. मला मात्र त्यातली आई आठवायची. पुढे वर्षातून एकदा ती लेकासाठी अंगरखा शिवून घेऊन जाते, असं तिथे लिहिलंय. वर्षातून एकदा! लोक म्हणतात काय थोर बाई. मी म्हणते, माप कशावरून घेत असेल हो ती? पोर केवढं वाढलं असेल, ह्याचा नुसता अंदाज करत कापड कापत असेल बिचारी. मी असं काही बोलले की आत्याबाई म्हणायच्या, "तुझी जीभ फार चालते. शब्द कुणी दिलाय ते विसरू नकोस." मी विसरले नव्हते. आणखी दोन वर्षांनी पोराला मिशनच्या वसतिगृहात पाठवायचं, असं त्यांचं ठरलेलंच होतं. आमचे हे आत्याबाईंपुढे कधी ब्र काढत नसत. मी दिवस ढकलत होते.

हे रेल्वेत गार्ड. घाटात विजेची इंजिनं येऊन थोडीच वर्षं झाली होती. ह्यांची ड्यूटी अशी की कधी रात्र पुण्याला, कधी कर्जतला. आम्हाला तुंगार्लीत एका शेटजींच्या बंगल्यामागच्या दोन खोल्या भाड्याने मिळाल्या होत्या. उन्हाळ्यात बंगला माणसांनी भरलेला असायचा, पावसाळ्यात मात्र कुलूप. माळीसुद्धा आपल्या गावी. दारापासून एक पायवाट तलावाकडे जायची नि दुसरी वस्तीकडे. पावसाचं मला कधी काही वाटलं नाही, पण ते धुकं! मेलं घरात शिरायचं. दार उघडं राहिलं की उंबरा ओलांडून सरळ आत, मग पाळणा दिसायचा तर पाळण्याची दोरी दिसायची नाही. शेगडीवर टोपली पालथी घालून मी दुपटी वाळवायची, तरी त्यांना कुबट वास यायचाच. दिवसाउजेडी कंदील लावून स्वयंपाक करायची मी.

आमच्याकडे दूध घालायला खालच्या वाडीतून एक मावशी यायच्या. डोक्यावर इरलं, हातात चरवी, तोंडाने सदा बडबड. एका सकाळी त्या पायरीवर बसून दूध मापत होत्या. मी समोर पातेलं धरून उभी. पोरगा तिथेच चिखलात काड्या रोवत होता. मधेच त्याने मान वर केली, धुक्याकडे बघितलं नि मोठ्याने म्हणाला, "ओ! आलो!"

मावशींचा हात थांबला. "कुनाला ओ दिलीस रं?"

"आईला."

"आरं, आई तर ही काय हितं हुबी हाय!"

पोराने माझ्याकडे बघितलं. मग पुन्हा धुक्याकडे. "तिकडून हाक मारली की," तो म्हणाला नि काड्यांकडे वळला. त्याला त्याचं काहीच वाटलं नाही. मला मात्र वाटलं. मी पातेलं खाली ठेवलं.

मावशींनी आवाज एकदम बारीक केला. "बाई, ह्या पोराला शिकवून ठेवा. धुक्यात हाक आली तर पयल्या हाकंला ओ द्याची न्हाई. दुसरीला बी न्हाई. मानूस आसंल तर तिसऱ्यांदा मारंल. ते जे आसतंय ना, त्येला तीनदा मारता येत न्हाई."

आतून आत्याबाई कडाडल्या, "काय शिकवताय लेकराला? आमच्यात असलं काही नसतं! आमची मुलं पहिल्या हाकेला ओ देतात." हे मात्र खरं होतं. आईबापाच्या पहिल्या हाकेला उठायचं, हे मीच माझ्या पोराला मारून मुटकून शिकवलं होतं. मावशी खांदे उडवून म्हणाल्या, "आसंल बया. माजं सांगायचं काम," नि इरलं चढवून धुक्यात गेल्या. मी हसण्यावारी नेलं. ख्रिस्ती बाई मी, दूधवालीच्या भुताला घाबरले असं कसं दाखवणार?

त्यानंतर हे वाढतच गेलं. मी चुलीपाशी असले की पोरगा धावत यायचा. "आई, हाक मारलीस?" "नाही रे बाबा." कधी मी पाळण्याशी, तो मागच्या दाराने आत, "आई, हाक मारलीस?" पहिल्यांदा हसले, मग चिडले, मग एक चापटही दिली. म्हटलं खेळ लावलाय ह्याने, गोष्टीतला मुलगा होऊन दाखवतोय. पण एकदा मी मुलीला पाजत होते. तिने मधेच तोंड सोडलं, मान दाराकडे वळवली नि ऐकत राहिली. ऐकताना मूल कसं स्थिर होतं ना, तसं. त्याच क्षणी पोरगा मागून म्हणाला, "ओ!" मी दार लावून कडी घातली नि ह्यांना यायला अजून दोन दिवस आहेत, हे आठवून मला रडूच फुटलं.

आत्याबाईंना मी काही सांगितलं नाही. त्या काय म्हणतील, ते मला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी भाकरी थापत होते. बाहेर असं दाटून आलेलं की बंगल्याची भिंतसुद्धा दिसत नव्हती. पोरगा आला. "आई, हाक मारलीस?" मी म्हटलं, "नाही. बस इथे माझ्यापाशी." बसला. जरा वेळाने आपणहून उठला, दारापर्यंत गेला नि परत आला. "आई, तूच मारलीस." मी परातीवर हात आपटला. "अरे, तोंड बघ माझं! हलतंय का?" तो पुन्हा दाराकडे गेला. तिसऱ्यांदा आला तेव्हा माझ्याकडे आलाच नाही, सरळ आत्याबाईंच्या खाटेकडे गेला. मला बोलणं नीट ऐकू येत नव्हतं. तव्यावर भाकरी होती. आत्याबाईंचा आवाज मात्र ऐकू आला, थरथरणारा, आनंदाने भरलेला. असा आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. मला वाटलं, प्रार्थना करत असतील.

मग सगळं शांत झालं. भाकरी उलटली, तरी शांतच. पोर घरात असताना एवढी शांतता कधी असते का? मी पिठाच्या हातांनीच आतल्या खोलीत गेले. आत्याबाई खाटेवर ताठ बसलेल्या, हात जोडलेले, गालांवरून पाणी वाहतंय. मागचं दार सताड उघडं नि धुकं अर्ध्या खोलीपर्यंत आलेलं.

"पोर कुठंय?"

"बोलावणं आलं गं," त्या म्हणाल्या. "तीनदा आलं. मी त्याला सांगितलं काय म्हणायचं ते. धन्य झालीस तू."

"तुम्ही ऐकलीत हाक?"

"ज्याला बोलावतात त्यालाच ऐकू येते."

मी त्यांना काय बोलले ते इथे सांगत नाही. म्हाताऱ्या माणसाला तसं बोलू नये. पाळणा त्यांच्या हाताशी ओढला, दोरी त्यांच्या मुठीत कोंबली नि मी तशीच धावत सुटले.

वस्तीकडे की तलावाकडे? पायवाटेवर चिखलात इवली पावलं उमटली होती, ती तलावाकडे. पाच हातांपलीकडचं दिसत नव्हतं. पाय घसरत होते, पदर काट्यांना अडकत होता. जरा थांबून त्याला हाक मारायची म्हणून मी छाती भरून श्वास घेतला. तोंड उघडलंसुद्धा नव्हतं. तेवढ्यात समोरून हाक आली. माझीच. माझ्या पोराचं नाव, माझ्या आवाजात. नावाचं शेवटचं अक्षर मी लांबवते, जरा वर नेते नि मग सोडते. ते तस्संच. पुढे ह्यांनी मला समजावलं की तलावाच्या बांधावरून प्रतिध्वनी येतो. येत असेल. पण प्रतिध्वनी आधी येतो का हो?

पाचावर धारण बसणं म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं. पण पाय थांबले नाहीत. त्या आवाजाच्याच दिशेने गेले, कारण पोरगाही तिकडेच जाणार, दुसरीकडे कुठे जाईल? आपल्याच हाकेमागे आपण धावायचं, असली वेळ वैऱ्यावर येऊ नये.

काठ आधी पायाला लागला, मग डोळ्यांना दिसला. पोरगा पाण्यात उभा होता, कमरेपर्यंत, माझ्याकडे पाठ करून. हात जोडलेले. नि आत्याबाईंनी शिकवलं होतं ते हळू आवाजात, अगदी शहाण्या मुलासारखं म्हणत होता. "सांग देवा, मी ऐकतोय." म्हणायचा, नि एक पाऊल पुढे टाकायचा.

मी पाण्यात उडीच घेतली. दंडाला धरून मागे ओढला तर तो लाथा झाडायला लागला. "सोड! आई बोलावतेय! सोड मला!"

"अरे, मीच आई!"

त्याने वळून माझ्या तोंडाकडे बघितलं. पाण्याच्या त्या बाजूला बघितलं. पुन्हा माझ्याकडे. कुणाचं खरं मानावं, हे माझ्या लेकराला ठरवता येईना. पाच वर्षं ज्याला मी कुशीत निजवलं, ते पोर मला ओळखावं की नको, ह्या विचारात पडलं होतं. तेवढ्यात पुन्हा हाक आली, पाण्यावरून, जिथे काठ नाही, माणूस उभं राहायला जागा नाही, अशा ठिकाणाहून. इतकी मायेची हाक! मी स्वतः कधी इतक्या मायेने मारली नसेल. पोराचं अंग माझ्या हातात तिकडे झुकलं.

मग माझं डोकंच फिरलं. मी ओरडले. "नाही देणार! ऐकलंस? तू कोण आहेस, मला ठाऊक नाही. भूत असशील तर चालता हो. नि देव असशील, तर देव असशील तरी नाही देणार! शब्द दिला होता, तो परत घेतला. काय शिक्षा करायची ती मला कर. हा माझा आहे!"

माझा आवाज फाटला. पाणी नुसतं काठाशी डुचमळत होतं. कितीतरी वेळाने कुठेतरी एक बेडूक ओरडला, मग दुसरा, मग सगळेच ओरडायला लागले. तेव्हा ध्यानात आलं की इतका वेळ ते गप्प होते. मी पोराला खांद्यावर टाकलं नि पळत घरी आले.

घरी पोराचे कपडे बदलताना त्यानेच आत्याबाईंना सगळं सांगून टाकलं. "आईने देवाला हाकललं," म्हणाला. आत्याबाईंनी पाळण्याची दोरी सोडली नि भिंतीकडे तोंड करून आडव्या झाल्या. मला वाटलं होतं मला पश्चात्ताप होईल. नाही झाला. भीती मात्र वाटत होती, भयंकर. पाळण्यातल्या पोरीच्या नाकाशी मी दोनदा बोट धरून बघितलं.

संध्याकाळी मावशी दूध घेऊन आल्या. माझा अवतार बघून त्यांनी विचारलं, नि मी सगळं सांगितलं. मनात होतं की आता ह्या शिव्या देतील, अंगारा आणतील, मीठमिरच्या ओवाळतील. खरं सांगते, मी ओवाळू दिलं असतं. पण त्यांनी वेगळंच विचारलं.

"किती येळा हाक आली म्हनलात?"

"तीनदा. नि मग पाण्यावर पुन्हा."

मावशींनी चरवी उचलली. "तीनदा?" त्या एक पायरी खाली उतरल्या. "मंग ते आमच्यातलं न्हाई, बाई. तुमच्यातलंच आसंल." दूध न मापताच त्या निघाल्या. मी हाका मारल्या तरी वळल्या नाहीत.

मी दारात उभी राहिले. मला भूत चाललं असतं हो. भुतावर उपाय असतात. पण जे आलं होतं ते खरंच त्याचंच असेल, ज्याचे उपकार मी मोजत आले, ज्याचं नाव घेऊन ह्या पोराला पहिला घास भरवला, तर मी आता कुणाकडे जाणार? ज्याला नाही म्हणाले, त्याच्याचकडे ना?

दिवे लागले तशी मी नेहमीसारखी चटई अंथरली. हे घरी असोत नसोत, आमची संध्याकाळची प्रार्थना चुकायची नाही. एक गीत म्हणायचं, मग प्रत्येकाने आपापल्या शब्दांत मागायचं. आत्याबाई उठून बसल्या, पण ओठ मिटलेले. गीत मी एकटीने म्हटलं, कसंबसं. माझी पाळी आली. मला शब्दच सुचेना. काय तोंड घेऊन मागू? मी नुसती मान खाली घालून बसले.

मग पोरगा बोलायला लागला. त्याला मी सांगितलं नव्हतं, शिकवलं तर मुळीच नव्हतं. डोळे घट्ट मिटून म्हणाला, "देवा, बाबांची गाडी नीट आण. बेबीचा खोकला बरा कर. नि मला बोलावू नकोस. मला यायचंय, पण आई देत नाही. तू रागावू नकोस तिच्यावर. ती रडते."

ह्या प्रार्थनेवर मी काय म्हणायला हवं होतं, ते मला ठाऊक होतं. लेकराला थांबवायला हवं होतं. हात जोडून माझी चूक पदरात घे म्हणायला हवं होतं. मी पोराचा हात माझ्या हातात घेतला नि होता नव्हता तेवढा जीव गोळा करून म्हणाले, "आमेन."

कंदिलाची वात जरा हलली. आत्याबाईंनी मान वळवली, माझ्याकडे नाही, उघड्या दाराकडे. बराच वेळ त्या तशाच कान देऊन बसल्या. मग त्यांनी हळूच विचारलं, नि त्यांच्या आवाजातला दिवसभराचा राग कुठल्या कुठे गेला होता.

"आमेन दोनदा का म्हणालीस गं?"

मी एकदाच म्हणाले होते. पोराला कडेवर घेतलं, नि त्याला घेऊनच दार लावायला उठले.